लिस्टोवेलला जाशील तेव्हा

ट्रली, कौंटी केरी

चि. मुग्धा,


लिमरिकला तुझं बस्तान नीट बसलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. मेअखेर लिस्टोवेलच्या ‘रायटर्स वीक’ला जायचं म्हणतेस, तर अवश्य जा. पण तू पाठवलेली यादी बघून मला हसू आलं. विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात ज्यांची नावं झळकतात, नेमक्या तेवढ्याच लेखकांवर तू खुणा केल्या आहेस. त्यांना ऐकायला हरकत नाही. मात्र ते डब्लिनलाही येतात, लंडनलाही येतात, आणि सगळीकडे साधारण तेच बोलतात. नवं पुस्तक आलं की प्रकाशक त्यांना गावोगाव फिरवतो. चार गावं झाली की किस्से घासून गुळगुळीत होतात. लिस्टोवेलला जाऊन ऐकायचं ते लिस्टोवेलचं.

जेमतेम पाच हजार वस्तीचं हे बाजाराचं गाव, फील नदीच्या काठी. मोठा चौक, चौकाच्या मधोमध जुनं चर्च (आता तिथे नाटकं होतात), आणि शेजारी लिस्टोवेल आर्म्स हॉटेल. १८९१ मध्ये आयरिश पुढारी पार्नेलने मरणाच्या काही आठवडे आधी याच हॉटेलच्या खिडकीतून भाषण केलं होतं. १९७१ पासून गावात हा साहित्यसोहळा भरतो. तो उभा केला गावातल्याच मंडळींनी, आणि त्यांत दोन नावं सगळ्यांच्या आधी निघतात. एक ब्रायन मॅकमहन, इथल्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर आणि उत्तम कथालेखक. दुसरा जॉन बी. कीन, विल्यम स्ट्रीटवरचा पबवाला. दिवसभर गिऱ्हाइकांना बिअर द्यायची, त्यांची बोलणी कानात साठवायची आणि रात्री पब बंद झाल्यावर लिहायला बसायचं, असा त्याचा क्रम.

जाण्याआधी काही वाचायचंच असेल तर त्या पाहुण्यांच्या कादंबऱ्या बाजूला ठेव आणि कीनचं ‘साइव्ह’ हे नाटक वाच. तू ‘संगीत शारदा’ पाहिलं आहेस, तेव्हा तुला ते परकं वाटायचं नाही. पोरकी, कोवळी मुलगी. पैशाच्या लोभाने तिला म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेलं घर. आणि आपल्या भद्रेश्वर दीक्षितासारखा दोन्हीकडून दलाली खाणारा मध्यस्थ. देवलांनी शारदेला पाण्यातून वाचवून कोदंडाच्या हाती दिलं. कीनने साइव्हला वाचवलं नाही. ती रात्री घरातून पळते आणि दलदलीत बुडते. शेवटी तिचं शव स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवतात. मला विचारशील तर देवलांची गाणी मोठी, पण शेवट कीनचा खरा. डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरने हे नाटक साभार परत केलं होतं. मग १९५९ मध्ये लिस्टोवेलच्या हौशी नाट्यमंडळाने ते बसवलं, अ‍ॅथलोनच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत पहिलं आलं, आणि त्यानंतर त्याच अ‍ॅबीने या मंडळींना प्रयोगाला बोलावलं! कीनचं ‘द फील्ड’ही जमलं तर वाच. शेताच्या तुकड्यासाठी खून होतो आणि सगळा गाव तोंडाला कुलूप लावून बसतो. बांधाच्या भांडणांवर वाढलेल्या आपल्या माणसांना त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

हे एवढं लांबण लावलं, कारण तिथल्या सभागृहात बसलेल्या माणसांचं वागणं त्याशिवाय कळत नाही. लेखक म्हणजे कुणी आभाळातून पडलेला प्राणी नाही, हे त्यांनी दोन पिढ्या पाहिलंय. त्यांच्या आजोबांची भांडणं नाटकात गेली आहेत. त्यामुळे ते भारावून ऐकत नाहीत, तपासून ऐकतात. एकदा एक तरुण कादंबरीकार टर्फ कापण्याचा प्रसंग वाचत होता. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखं कापून वाळवलेलं जळण. इथे पिढ्यान् पिढ्या चुलीत तेच. वाचन झालं, टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतले एक आजोबा टोपी हातात घेऊन उठले. म्हणाले, ‘वाचलंत छान. पण सप्टेंबरात टर्फ कोण कापतं? तो वाळायचा कधी?’ सभागृह हसलं, लेखकही हसला आणि त्याने खिशातली पेन्सिल काढून तिथल्या तिथे पानावर खूण केली. अशी प्रश्नोत्तरं ऐकायला मी कितीही वेळ बसेन.

आपल्या संमेलनाची सवय असल्याने तुला सुरुवातीला चुकल्यासारखं होईल. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, व्यासपीठावर मंत्री नाहीत. दोन खुर्च्या, पाण्याचे दोन पेले, एक मुलाखतकार, एक लेखक. तासाभरात सगळं आटोपतं. मला हे आवडतं, तरी एक गोष्ट आपलीच बरी म्हणेन. आपल्याकडे व्याख्यानमालेला मांडव मोकळा असतो, कुणीही येऊन बसावं. इथे बहुतेक कार्यक्रमांना तिकीट. विद्यार्थ्यांना सवलत आहे का, ते आधी विचारून घे.

पहिल्या संध्याकाळी कादंबरीचं बक्षीस जाहीर होतं, वीस हजार युरोंचं. ते देतं केरी ग्रुप, म्हणजे याच गावच्या दूध कारखान्यातून आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेतून वाढलेली कंपनी. साखर कारखान्याने दरसाल मराठी कादंबरीला गौरवावं, तसं हे. आपल्या कारखान्यांना असं का सुचू नये, हा विषय इथे काढत नाही, नाहीतर पत्र संपायचं नाही.

सगळं गोडीगुलाबीने चालतं असंही समजू नकोस. २०२२ मध्ये स्वयंसेवकांची समिती बरखास्त करून कार्यक्रम ठरवायला पगारी माणूस नेमला गेला, तेव्हा गावात बरीच धुसफूस झाली. वर्षानुवर्षं पाहुण्यांना बसथांब्यावरून आणणारी, खुर्च्या मांडणारी माणसं दुखावली. कारभार नीटनेटका हवा हे मलाही पटतं. पण ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांना विचारायला हवं होतं.

तेव्हा तुझी यादी अशी बदल. मोठ्या नावांपैकी एकच ठेव. सकाळच्या एखाद्या कमी गर्दीच्या वाचनाला जा, शक्यतो ज्याचं पहिलंच पुस्तक आहे अशाच्या. उरलेले पैसे कथालेखनाच्या कार्यशाळेत घाल. मॅकमहन मास्तर स्वतः अशी कार्यशाळा घेत. तुझी ती वाड्याची कथा इंग्रजीत उतरवली आहेस ना, ती घेऊन जा. कुणी म्हणेल, तिसऱ्या पानापासून सुरू कर. मीही तेच म्हणाले होते, पण माझं तू ऐकत नाहीस. प्रश्न विचारलास तर एकाच वाक्यात विचार. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारे तिथेही भेटतात.

आणि रात्री खोलीत जाऊन झोपू नकोस. दिवसभर मंचावर असलेली माणसं रात्री पबच्या बाकांवर असतात, कीनच्या पबातही. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही, संत्र्याचा रस घेऊन बसलीस तरी कुणी विचारत नाही. मात्र केव्हातरी कुणी गायला लागतं, कुणी पाठ असलेली कविता म्हणतं आणि मग नजर नव्या माणसाकडे वळते. ‘मला काही येत नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. बहिणाबाईंचं किंवा बोरकरांचं काहीतरी पक्कं पाठ करून जा आणि मराठीतच म्हण. आधी दहा मिनिटं अर्थ सांगत बसू नकोस. कुणी विचारलं तर नंतर सांग.

लिस्टोवेलला रेल्वे नाही, पण लिमरिकहून ट्रलीकडे येणारी बस तिथे थांबते. त्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण, म्हणून माझ्याकडेच उतर. अंतर फार नाही, रात्री उशिरा मी गाडी घेऊन येईन. तारखा ठरल्या की कळव. आणि येताना लिमरिकच्या भारतीय दुकानातून गोडा मसाला मिळाला तर आण, इथला संपत आलाय.

तुझी,
मावशी