क्षमा आणि परतफेड

खेडोपाडी सुवार्ता सांगणाऱ्या आमच्या बंधूंस एक आक्षेप वारंवार ऐकावा लागतो. शेजारी म्हणतो, "तुमचे बरे आहे. वाटेल ते करावे, रविवारी गुडघे टेकून क्षमा मागावी, की सुटलात! ज्याचे नुकसान झाले तो मात्र तसाच राहतो." हा आक्षेप कडू आहे, परंतु थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्याची जमीन गेली, ज्याची अब्रू गेली, त्याच्या बाजूने तो बोलतो. आणि आपला देवही संदेष्ट्यांच्या मुखाने त्याच बाजूने बोलत आला आहे. उलटपक्षी आपल्याच मंडळ्यांत काही भोळे विश्वासू असे आहेत की, पूर्वी केलेली सर्व दुष्कृत्ये फेडून टाकल्यावाचून देव आपणांस जवळ करणार नाही, असे त्यांस वाटते. ती तर फिटत नाहीत. म्हणून ते सदा भयात असतात. ह्या दोघांचा प्रश्न मुळात एकच आहे. तो असा की, देवाने पापाची क्षमा फुकट केली असता मनुष्याचे मनुष्यास देणे उरते की नाही? ह्याच प्रश्नाचा आज विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पाप म्हणजे काय ते पाहू. प्रभूने शिकविलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, तीत ऋण हा शब्द आला आहे. लूकाच्या अकराव्या अध्यायात त्याच जागी पाप हा शब्द आहे. ह्यात विरोध नाही. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तीत ऋण आणि पाप ह्या दोहोंस एकच शब्द चालत असे. पाप हे देणे आहे. परंतु कोणाचे? एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो की, आपला अपराध केवळ देवाविरुद्ध आहे. हे वाचून कोणी म्हणेल, "मग उरीयाचे काय? त्याची बायको नेली, त्यास लढाईत पुढे घालून मारविले. त्याचे काहीच देणे नाही काय?" असा अर्थ मुळीच नव्हे. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती चौपट भरून द्यावी असा निवाडा ह्याच दावीदाच्या तोंडून निघाला होता. जो कोणाच्या लेकरास मारतो तो त्या लेकराच्या बापाचाही अपराधी होतो. शेजाऱ्याचा अपराध शेजाऱ्यापाशी थांबत नाही. ज्याने त्या शेजाऱ्यास घडविले त्याच्यापर्यंत तो पोहोचतो. ह्यास्तव एकाच कर्माची नोंद दोन खात्यांवर होते, एक देवाच्या आणि एक मनुष्याच्या.

आता देवाच्या खात्याकडे पाहा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने दोन ऋणकऱ्यांचा दाखला सांगितला आहे. पहिल्याचे देणे दहा हजार तालांत, दुसऱ्याचे शंभर दिनार. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे ६,००० दिनार. म्हणजे दुसऱ्याचे देणे १०० दिवसांच्या मजुरीचे, परंतु पहिल्याचे ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे! तो मनुष्य धन्याच्या पाया पडून म्हणतो की, मला मुदत द्या, मी सर्व फेडीन. हे त्याचे बोलणे ऐकून हसू येते, आणि लगेच आपलीच आठवण होऊन ते हसू विरते. उपासतापास, नवससायास, दानधर्म ह्यांनी देवाचे ऋण फेडू असे म्हणणाऱ्याचे बोलणे ह्याहून निराळे काय आहे? अन्सेल्म नामक धर्मगुरूने सन १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट विचारपूर्वक मांडली आहे: हे देणे देणे मनुष्याचे कर्तव्य आहे, परंतु ते देण्याचे सामर्थ्य देवावाचून कोणात नाही, म्हणून जो देव आणि मनुष्य असा दोन्ही आहे त्यानेच ते दिले पाहिजे. तारणाचा पाया हाच आहे. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराने कोणाचे काय परत केले? त्याचे हात खिळलेले होते, आणि संध्याकाळपर्यंतही आयुष्य नव्हते. तरी त्याच दिवशी त्यास सुखलोकाचे वचन मिळाले. भयभीत झालेल्या बंधूंनो, हे ध्यानात धरा. परतफेड ही तारणाची किंमत असती, तर त्या चोरास आशा नव्हती, आणि तुम्हांआम्हांसही नव्हती.

मग ज्याचे हात मोकळे आहेत त्याचे काय? येथे शास्त्र तितकेच स्पष्ट आहे. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात असे सांगितले आहे की, ज्याने दुसऱ्याचा अपराध केला त्याने तो कबूल करावा, मूळ नुकसान भरून द्यावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा. म्हणजे १०० रुपये लुबाडले असतील तर १२० द्यावे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाप्रमाणे, चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर एकाबद्दल चार, आणि बैलाबद्दल पाच द्यावे लागत. बैल गेला म्हणजे शेत पडीक पडते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आणि स्वतः प्रभूने डोंगरावरील उपदेशात आज्ञा केली आहे की, अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा.

ह्या दोन्ही गोष्टींची गाठ जक्कयाच्या घरी पडते. यरीहो हे व्यापाराच्या रस्त्यावरील सधन नगर. जक्कय तेथील जकातदारांचा मुख्य. त्या काळी जकातीचा इजारा देत असत. ठरलेली रक्कम सरकारात भरावी आणि वर जे पिळून निघेल ते आपले, असा कारभार चाले. लोक त्याचा द्वेष करीत ह्यात नवल नाही. परंतु लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात घटनांचा क्रम कसा आहे तो नीट वाचा. प्रभू आधी म्हणाला नाही की, "सर्वांचे पैसे परत कर, मग मी येतो." त्याने झाडाखाली उभे राहून जक्कयास नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी उतरला. लोक कुरकुर करू लागले. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की, मी अर्धे धन गरिबांस देतो, आणि ज्यास लुबाडले त्यास चौपट परत करतो. आपण होऊन कबूल करणाऱ्यास नियमशास्त्र १०० बद्दल १२० मागत होते. जक्कय ४०० देतो. पकडलेल्या चोराचा दंड तो न पकडता आपणावर ओढून घेतो. हिशेबाच्या मनुष्याने असा हिशेब का केला? कारण त्याचे मोठे खाते फुकट मिटले होते. आता लहान खात्यात घासाघीस करण्याची त्यास गोडी उरली नव्हती.

चाड्यावर मूठ धरल्याने पाऊस येत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाऊस होऊन वाफसा आला असताही जो चाड्यावर मूठ धरीत नाही, त्यास पावसाचा आनंद झाला असे कोण म्हणेल? क्षमा आणि परतफेड ह्यांचा संबंध असाच आहे. परतफेडीने क्षमा विकत मिळत नाही; परंतु जी क्षमा मनुष्यास परतफेडीस प्रवृत्त करीत नाही, ती त्याने घेतलीच आहे की काय ह्याचा संशय येतो. दाखल्यातील पहिल्या ऋणकऱ्याने माफी ऐकली, पण ती त्याच्या अंतःकरणात शिरली नाही. म्हणून बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला.

तर आता, वाचकहो, हे आपल्या गावी आणून पाहू. दरसाल नांगरटीच्या वेळी शेजाऱ्याचा बांध थोडाथोडा कोरून जी पट्टी आपल्या शेतात आली, ती बाप्तिस्म्याने आपली होत नाही. बहिणीस चोळीबांगडी देऊन तिचा वाटा गिळला, तो प्रार्थनेने पचत नाही. काटा मारून जे धान्य साठविले, त्यातून हंगामाच्या सणास देवास पायली वाहिली तरी मापातील खोट भरून निघत नाही. एखाद्या निरपराध बाईविषयी पारावर बसून जे बोललो, ते खोटे होते असे त्याच पारावर सांगावे लागते. एकांतात देवाजवळ सांगणे तेवढ्यापुरते पुरेसे नाही, कारण तिची अब्रू एकांतात गेली नव्हती.

कोणी म्हणेल, "ज्याचे घेतले तो मेला; किंवा जे घेतले ते परत देता येण्यासारखेच नाही; मग काय करावे?" मोशेच्या नियमशास्त्रास ही अडचण ठाऊक होती. घेणारा कोणी नातलग उरला नसेल तर ती भरपाई परमेश्वराची व्हावी, असे तेथेच सांगितले आहे. देणारा मात्र सुटत नाही. इंग्लंडातील जॉन न्यूटन ह्याचे चरित्र येथे बोधप्रद आहे. मार्च १७४८ मध्ये भर समुद्रात वादळात सापडला असता तो देवाकडे वळला. तरी पुढे अनेक वर्षे तो आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून विकावयास नेणाऱ्या जहाजांवर काम करीत राहिला, आणि १७५० पासून १७५४ पर्यंत तर अशा जहाजांचा कप्तान होता. वर तो उपासना चालवी आणि खाली माणसे साखळदंडाने जखडलेली असत! प्रकृती बिघडल्याने त्याने समुद्र सोडला. १७६४ मध्ये तो पाळक झाला. ज्यांस त्याने समुद्रापार विकले त्यांस परत आणणे त्याच्या हाती नव्हते. परंतु १७८८ मध्ये, जगात त्याचा मान असताना, त्याने गुलामांच्या व्यापाराविषयी पुस्तिका छापून आपण स्वतः काय केले व काय पाहिले ते लाज न राखता सांगितले. आणि पार्लमेंटच्या चौकशीतही साक्ष दिली. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने तो व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला. त्याची साक्ष ही परतफेडीची पूर्ण रक्कम होती असे आम्ही म्हणत नाही. तशी रक्कम जगात नाही. परंतु जे त्याच्यापाशी देण्यासारखे होते, म्हणजे सत्य आणि स्वतःची अब्रू, ते त्याने दिले. शिवाय ह्या गोष्टीत एक इशाराही आहे. पश्चात्ताप एका दिवशी सुरू होतो, पण डोळे कधी कधी फार हळू उघडतात. म्हणून आपली भक्ती चालू असता आपल्या पायांखाली कोण जखडलेला आहे, हे प्रत्येकाने वाकून पाहिले पाहिजे.

येथे उपदेशक बंधूंस दोन शब्द. ज्याचे नुकसान झाले त्यास, "तू ख्रिस्ती आहेस, क्षमा कर आणि गप्प बस," असे सांगून अपराध्याची सुटका करू नका. क्षमा करणे हे त्याने देवापुढे करावयाचे आहे. परत देणे हे अपराध्याने करावयाचे आहे. एकाचे कर्तव्य दाखवून दुसऱ्याचे झाकणे हा अन्याय होय. आणि अपराधी गरीब असून एकदम देण्यास असमर्थ असेल, तर हप्ते बांधून द्या, मंडळीने हात लावावा. पौलाने फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात अनेसिमाविषयी असेच केले आहे: ह्याने तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावे मांड, असा त्याचा आशय आहे, आणि हे तो आपल्या हाताने लिहून देतो. पौल देणे बुडवा असे म्हणत नाही. ते तो आपल्या अंगावर घेतो. हे त्याने कोठे शिकले ते सांगावयास नको.

तर शेजाऱ्याच्या आक्षेपास उत्तर काय? तोंडी उत्तर हे की, आमच्या धन्याने आमचे न फिटणारे ऋण आपले प्राण देऊन फेडले. म्हणून फिटण्याजोगे ऋण बुडविण्याची आम्हांस मुभा नाही. परंतु शेजारी बहुधा तोंडी उत्तर मागत नाही. तो बांधाकडे पाहतो. येत्या नांगरटीस तो बांध आपण होऊन मूळ जागी सरकलेला त्यास दिसला, तर तारण म्हणजे काय हे विचारावयास तो स्वतः आपल्या दारी येईल.