उसने शब्द, आपले अश्रू

ठरलेल्या शब्दांत केलेली प्रार्थना खरोखर आपली असते काय? हा प्रश्न पडला की आम्हांला मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमधील लिन गावी राहणारी मार्जरी केम्प आठवते. तिला लिहिता येत नव्हते. १४३० च्या दशकात तिने आपले आत्मकथन इतरांकडून लिहवून घेतले. प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, २ फेब्रुवारीस, चर्चमध्ये मेणबत्त्या घेतलेले लोक पाहताच बाळ येशूला मंदिरात अर्पण करणारी पवित्र मरिया तिच्या अंतश्चक्षूंपुढे उभी राही. तिच्या लेखनाला ही चित्रे उपासनेने दिली. अश्रू मात्र तिचे स्वतःचे होते. मिस्सेतील उत्तरे आपणही वर्षानुवर्षे देतो. ती कोरडी वाटू लागली, तर त्या शब्दांत आपण आपले काय ओतले, हे आधी स्वतःला विचारावे.