मोकळ्या खाचरांतली धाव

भातकापणी उरकली की कोकणातल्या पालीच्या आसपासची खाचरं मोकळी होतात. क्रॉस कंट्रीच्या मोसमात पळणाऱ्याला याहून चांगलं मैदान नाही. बांध ओलांडायचा, ढेकळांतून पाय उचलायचा, जांभ्याच्या सड्यावर चढ घ्यायचा. डांबरी रस्त्यावर हे अंगी येत नाही. क्रॉस कंट्रीची शर्यत किती कठीण, ते १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. रणरणत्या उन्हात ३८ जण सुटले, शेवटपर्यंत पोहोचले १५.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर, माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातली धावपटू ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

मला मात्र पळणाऱ्याच्या घरचीही माणसं दिसतात. पहाटे त्याच्याआधी कुणीतरी उठलेलं असतं. परतल्यावर गरम पेज, सोबत आंब्याचं लोणचं. लाल मातीने माखलेले बूट ओटीवर. नातलगांच्या लग्नाला एकटीच जाऊन "यांची शर्यत आहे हो" म्हणणारी बायको, आणि हातात घड्याळ धरून बाबांची वेळ मोजणारी पोर.

खाचरांच्या मालकांना एक विनंती आहे. जिथे कुळीथ, पावटा पेरला नसेल, तिथून या मंडळींना पळू द्या.