बाबांना आता काहीच बघावं लागत नाही

(एस.टी.च्या सातारा डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर पुण्याला मुलाकडे राहायला आले. त्यांचा मुलगा आणि मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेली त्याची आत्या यांच्यातलं हे बोलणं. माणसं काल्पनिक आहेत, पेच घरोघरचा.)

भाचा : लाइटबिल मी भरतो, पेन्शन मी बघतो, औषधं डब्यात लावून ठेवतो, दळण घरपोच येतं. बाबांना कशाचीही काळजी नाही. तरी दिवसभर गप्प. काही विचारलं की म्हणतात, ‘तुम्ही ठरवाल ते.’

आत्या : डॉक्टरांना दाखवलंस? वहिनी गेल्यापासूनचं गप्प राहणं आजारही असू शकतं.

भाचा : दाखवलं. ते म्हणाले, औषधाची गरज नाही, त्यांना गुंतवून ठेवा.

आत्या : मग ऐक. दादानं उभा जन्म गाड्या सोडल्या. यात्रेला जादा गाडी कुठून काढायची, ते उभ्या उभ्या ठरवलं. आता गहू किती दळायचे, तेही त्याच्या हातात नाही.

भाचा : म्हणजे काळजी घेतली तेच चुकलं? उद्या खुब्याचं हाड मोडलं तर? कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून फोन करून सगळी पुंजी लुबाडली तर?

आत्या : भीती खरी आहे. पण ही व्यवस्था त्याच्या जिवासाठी की तुझ्या?

भाचा : दोघांच्या. त्यात पाप आहे?

आत्या : नाही. फक्त सगळा खर्च त्याच्या नावावर मांडू नकोस. मेरिल सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांबद्दल हेच मांडलं : मुलांची बेताची मदत मनाला बरी, फार झाली की तीच मन खचवते.

भाचा : अमेरिकेतलं झालं ते. आपल्याकडे मुलानं काही केलं नाही तर बाप झुरतो.

आत्या : झुरतो, मान्य. माझंही लाइटबिल मुलगाच भरतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही, रांगेतून सुटले. पण ते मी सांगितलं म्हणून. शिवाय नातीचा अभ्यास माझ्याकडे असतो. चीनच्या अनहुई प्रांतातल्या खेड्यांतला अभ्यास बघ : बाहेरगावी गेलेल्या मुलांनी पैसे पाठवले की म्हाताऱ्यांचं मन बरं राहत होतं, आणि त्यांतले कितीतरी जण मागं राहिलेली नातवंडं सांभाळत होते. नुसतं घेणं नव्हतं ते.

भाचा : बाबा कधीच काही सांगणार नाहीत. फार भिडस्त आहेत.

आत्या : हीच खरी अडचण. 2007 च्या कायद्यानं म्हातारा बाप मुलाकडे निर्वाहभत्ता मागू शकतो. ‘मला विचारत जा’ असा अर्ज मात्र कुठल्याच न्यायाधिकरणात चालत नाही.

भाचा : मग कुंडीला पाणी घालायला सांगू? बागेतली कामं काढून देऊ? त्यांना लगेच कळेल की मन रमवायला दिलंय. तो तर जास्त अपमान.

आत्या : कळेलच. तरी कुंडीला हसू नकोस. एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात झाडं दिली होती. एका गटाला सांगितलं, ‘झाड तुमचं, तुम्हीच बघा.’ दुसऱ्या गटाच्या झाडांना परिचारिका पाणी घालत. पहिला गट जास्त तरतरीत, जास्त खूष दिसला. झाडं दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की पहिल्या गटातल्यांनी पाणी घातलं नाही तर झाड खरोखर वाळणार होतं.

भाचा : माझ्या घरात असं काय आहे, जे त्यांच्यावाचून वाळेल?

आत्या : गावच्या जमिनीची वारसनोंद किती दिवस रखडलीय?

भाचा : मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून.

आत्या : दादाला कळतं. तलाठ्याकडे कोणते कागद न्यायचे, ते त्याला तोंडपाठ आहे.

भाचा : एकटे जातील साताऱ्याला? आणि वाटेत काही झालं तर?

आत्या : होऊ शकतं. ती जोखीम घ्यायची की नाही, हे त्याला विचार. ‘नको’ म्हणाला तर तेही त्यानंच ठरवलेलं असेल. पासबुक आजच परत दे. मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवायची असेल, तर तीही त्याला विचारून ठेव. आणि साताऱ्याच्या तिकिटाची चिंता करू नकोस. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. 2022 पासून फुकट नेते.