मार्थेची भांडी



मार्था आणि मरिया यांचे शुभवर्तमान (लूक १०:३८-४२) वाचले जाते, तेव्हा माझे लक्ष बाकांवर बसलेल्या आयाबहिणींच्या चेहऱ्यांकडे जाते. त्यांतल्या बऱ्याच जणी पहाटे उठून, पाणी भरून, दुपारच्या जेवणाची अर्धी तयारी करून मिस्साला आलेल्या असतात. आणि इथे त्यांना ऐकायला मिळते, की प्रभूच्या पायाशी बसलेली मरियाच बरी!

धर्मगुरू झालो त्या पहिल्याच वर्षी मीही असे एक प्रवचन केले होते. संध्याकाळी घरी गेलो, तर आई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "फादर, प्रवचन छान झालं. पण मार्थाही खाली बसली असती, तर येशू उपाशीच गेला असता ना?" (घरी ती मला नावाने हाक मारते, रागावली की 'फादर' म्हणते.) मला उत्तर सुचले नाही. ताटात आले ते जेवलो आणि ताट तिथेच ठेवून उठलो.

शुभवर्तमान पुन्हा नीट वाचावे. स्वयंपाक सोडून दे, असे प्रभू मार्थेला कुठेच सांगत नाही. तो बोलतो तिच्या काळजीविषयी, तिच्या मनाच्या ओढाताणीविषयी. काम करता करता मार्था हिशेब मांडू लागली होती. मी किती करते, बहीण काय करते, आणि प्रभूला त्याचे काहीच कसे वाटत नाही! हा हिशेब आपल्या घरांना नवा नाही. वडील आजारी होते त्या दिवसांत आईच्या मनात काय चालले आहे, हे आम्ही भावंडे भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचो. ताटे आदळू लागली, की आम्ही गुपचूप पुस्तके काढायचो. उठून मदत करावी, हे मात्र कोणाला सुचत नसे.

मार्थेची गोष्ट तिथे संपत नाही. तिचा भाऊ लाजरस मरण पावला, तेव्हा तीच प्रभूला सामोरी गेली आणि तू ख्रिस्त आहेस, असा विश्वास तिने कबूल केला. पुढे योहानच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत प्रभूसाठी जेवण केले जाते. लाजरस पंगतीला आहे, मरिया पुन्हा प्रभूच्या पायाशी आहे, आणि मार्था? ती वाढत आहे. काम तेच, बहीणही तशीच, पण या वेळी तक्रारीचा एक शब्दही नाही. आपण कोणाला वाढत आहोत, हे तिला आता कळले होते. (२०२१ सालापासून २९ जुलै रोजी ख्रिस्तसभा या तिन्ही भावंडांचे स्मरण एकत्र करते. मला ते फार आवडले.)

आता एक अवघड गोष्ट. एका घरभेटीत एक भगिनी मला दाराबाहेर गाठून हळूच म्हणाली, "फादर, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं सगळं मी करते, पण मनापासून होत नाही. किळस येते. देवाला असं चालेल का?" आनंदाने सेवा करा, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मी तिला बंधू लॉरेन्सविषयी सांगितले. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात हे बंधू स्वयंपाकघरात राबत. युद्धात जखमी झाल्याने ते लंगडत असत, आणि स्वयंपाकाची त्यांना मुळातच नावड होती. तरीही प्रत्येक काम देवाच्या प्रीतीसाठी करायचे आणि त्यासाठी कृपा मागायची, असे करत त्यांनी तिथे सुमारे पंधरा वर्षे काढली. पुढे ते काम त्यांना सोपे वाटू लागले. आवड आधी आली नव्हती. तेव्हा, बाई, किळस येत असतानाही तू त्यांचे अंग पुसतेस, ते प्रभूला पोहोचले आहे.

आणि मग मी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावले. आई त्याची होती ना! रात्रीची पाळी त्याने घ्यावी, एवढेच त्याला सांगितले. तो खाली मान घालून "हो" म्हणाला.

बंधूंनो, हे मी आपल्यासाठीही बोलतो आहे. घरातल्या बाईने हसतमुखाने राबावे आणि आपण टीव्हीसमोर बसून मरियेचा वाटा घ्यावा, असे या शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्य रात्रभर जाळी ओढून थकून आले, तेव्हा निखारे पेटलेले होते, त्यांवर मासळी होती, भाकर होती. १५३ मासे जाळ्यात होते, पण न्याहारी आधीच तयार होती. मरणावर विजय मिळवलेल्या प्रभूने स्वतः चुलीपाशी बसून आपल्या माणसांना जेवायला बोलावले. त्याला तो कमीपणा वाटला नाही.

आई आता थकली आहे. सुट्टीच्या दिवशी घरी गेलो, की जेवणानंतर भांडी मी घासतो. ती खुर्चीत बसून रोझरी म्हणते आणि मध्येच मान वळवून बघते. मी घासलेली भांडी ती नंतर पुन्हा एकदा पाण्यातून काढते, हे मला ठाऊक आहे.