हवाई चप्पल

माणसाने नियम का पाळावेत, या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी जाडजूड ग्रंथ लिहून ठेवले आहेत म्हणे. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात नियम होते, पोटनियम होते, अपवादही होते. फक्त 'का' हा प्रश्न परीक्षेला येत नसे. पुढे बँकेत चिकटलो. तिथे वरून परिपत्रक येतं आणि खाली ते फाइलला लागतं. मधे कुठेही 'का'ला बसायला खुर्ची नाही. तेव्हा हा प्रश्न मला पडला तो थेट काही हजार फूट उंचीवर, आणि तोही शेजाऱ्यामुळे.

आता परभणीच्या माणसाने विमानाबद्दल लिहायचं हाच मुळात उद्धटपणा. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी आमची ख्याती. जिल्ह्यात परभणी आणि पूर्णा ही जंक्शनं आहेत, कृषी विद्यापीठ आहे, गंगाखेडला जनाबाई आहे. विमानतळ तेवढा नाही. विमान आम्ही पाहतो ते गच्चीवर गहू वाळत घालताना, मान वर करून. जवळचा विमानतळ नांदेडचा, आणि तिथली विमानसेवा २०१७ पासून पाहतोय, कधी सुरू तर कधी बंद.

तरीसुद्धा विमानातल्या वर्तणुकीच्या इतिहासात मराठवाड्याने आपलं नाव कोरून ठेवलेलं आहे, हे नम्रपणे नमूद करतो. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे (आताच्या धाराशिवचे) तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड एअर इंडियाच्या विमानाने पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस क्लासचं आणि विमान मात्र सबंध इकॉनॉमीचं. दिल्लीला पोचल्यावर त्यांनी उतरायला नकार दिला. समजूत घालायला जो अधिकारी आला त्याला त्यांनी पायातल्या वहाणेने मारलं, आणि पंचवीस वेळा मारलं असं नंतर स्वतःच वाहिन्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला मारण्यापेक्षा मोजण्याचं जास्त नवल वाटलं. शांत चित्ताने, पंख्याखाली बसून शंभराची गड्डी मोजताना माझा आकडा चुकतो. आणि इथे भर संतापात हिशेब पक्का!

विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, खासदारसाहेबांना परतीला रेल्वे धरावी लागली. लोकसभेत त्यांनी सभागृहाची माफी मागितली, त्या अधिकाऱ्याची मात्र मागायला तयार झाले नाहीत. मंत्र्यांना खेदाचं पत्र गेलं आणि ७ एप्रिलला बंदी उठली. गंमत पुढेच आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पंतप्रधानांनी शिमल्याहून 'उडान' योजनेच्या विमानांना झेंडा दाखवला आणि हवाई चप्पल घालणारा माणूसही विमानात दिसला पाहिजे, असं सांगितलं. त्या दिवशी सुरू झालेल्या मार्गांत आमचा नांदेड-हैदराबादही होता. म्हणजे पाच आठवड्यांत पायताण विमानात दोनदा गाजलं, आणि दोन्ही वेळा मराठवाड्याचा संबंध! यावर आमच्या घरातलं मत असं पडलं की, "चप्पल पायातच ठेवायची असते, एवढं सांगायला सरकार कशाला लागतं?"

पण लागलं. सप्टेंबर २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी नियम निघाले. शिवीगाळ वगैरे केली तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी. धक्काबुक्की, मारहाण केली तर सहा महिन्यांपर्यंत. आणि जिवावर बेतेल असं काही केलं, तर कमीत कमी दोन वर्षं. निवाडा करायला समिती, समितीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश, मुदत तीस दिवसांची. सगळं कसं यथासांग. मी हा तपशील बँकेत वाचून दाखवला तेव्हा आमचे शिपाईबुवा म्हणाले, "तीन महिने काय घेऊन बसलात साहेब, आम्ही पन्नास वर्षं झाली ही सजा भोगतोय."

मला स्वतःला त्या प्रकरणात सारखा दिसतो तो मार खाणारा माणूस. विमान इकॉनॉमीचं असावं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. तो फक्त सांगायला आला होता. नियम करणारा कुठेतरी वरच्या मजल्यावर असतो. सांगणारा काउंटरवर असतो. आणि हात पोचतो तो काउंटरपर्यंतच. हे मी अनुभवाने बोलतो. केवायसीची कागदपत्रं पुन्हा मागितली तेव्हा मानवतकडच्या एका शेतकऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सायेब, मागल्या साली बी मीच होतो आन् औंदा बी मीच हाव. मंग कागुद कशाला?" इतका चोख तात्त्विक प्रश्न त्या खिडकीवर पूर्वी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बाबा, नियम आहे." ते म्हणाले, "त्ये मला बी दिसतंय. कारन इचारतोय." कारण मलाही माहीत नव्हतं. ते हसले, धोतराच्या सोग्यातून आधारकार्डाची झेरॉक्स काढली आणि म्हणाले, "धरा. तुमी तरी काय करताल!" त्या दिवशी मला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटलं.

तर आता त्या शेजाऱ्याकडे वळू. मेहुण्याच्या गृहप्रवेशाला मुंबईला जायचं होतं आणि तिकीट त्यानेच काढलेलं, म्हणून आम्ही संभाजीनगरहून विमानाने निघालो. शेजारी सेलूकडचे एक कापसाचे व्यापारी. पट्टा आवळून, डोळे मिटून, मोबाईल कानाला. "हां, सुटायलंय आता. भाव काय म्हणतोय तो?" हवाईसुंदरीने येऊन गोड आवाजात फोन बंद करायला किंवा फ्लाइट मोडवर टाकायला सांगितलं. "बंदच हाय ताई, फकस्त बोलायलोय," असं म्हणून ते पुन्हा बोलू लागले. ती चार वेळा आली, चारही वेळा तेवढंच हसली. शेवटी फोन खिशात गेला. चालूच गेला असावा असा माझा अंदाज. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मला एक सांगा. माझ्या बॅगेतली कातरी काढून घेतली. लायटर काढून घेतलं. फोनानं जर इमान पडत असतं तर फोन ठिवला असता का माझ्यापाशी?"

वाचकहो, याला उत्तर द्या पाहू. मला आकाशात सुचलं नाही.

नंतर मी बरीच शोधाशोध केली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये उडत्या विमानातल्या मोबाईलवर बंदी घातली ती मुख्यतः विमानाच्या काळजीने नव्हे, तर जमिनीवरच्या मोबाईलच्या जाळ्यासाठी. जमिनीवरचा फोन जवळच्या टॉवरशी संधान बांधतो. उंचावर गेला की त्याला एकदम ढीगभर टॉवर दिसतात आणि फाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो येईल त्या गाडीला हात करत सुटतो. शिवाय फोन येण्याआधी रेडिओत जशी टर्र-टर्र होते, तशी ती वैमानिकाच्या कानातही होऊ शकते, आणि नेमकी उतरण्याच्या सूचना ऐकताना होऊ नये एवढीच अपेक्षा. म्हणजे व्यापारी बरेचसे बरोबर होते. आपल्याकडेही २०१४ साली फोन फ्लाइट मोडवर वापरायला परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये विमानात वायफाय देण्याचीही सोय झाली. कालचं पाप आज सेवा म्हणून मिळतं. धर्मशास्त्राचंही असंच होत आलेलं आहे म्हणा.

पण म्हणून नियम पोकळ ठरतात असंही नाही. ११ जुलै १९७३ रोजी व्हॅरिग या ब्राझीलच्या कंपनीचं विमान पॅरिसजवळ उतरायला आलं असताना त्याच्या संडासात आग लागली आणि १२३ माणसं गेली. कचऱ्याच्या पेटीत टाकलेलं सिगारेटचं थोटूक, असा संशय होता. आज विमानात सिगारेट ओढायला सक्त बंदी आहे, आणि तरीही संडासाच्या दारावर रक्षापात्र बसवलेलं असतं. नियमानेच बसवलेलं! वर पाटी 'धूम्रपान करू नये' आणि खाली रक्षापात्र. कुणीतरी ओढणारच हे नियमाला ठाऊक आहे; ओढलीच तर थोटूक कागदाच्या कचऱ्यात पडू नये. आमच्या जिन्यात 'थुंकू नये' लिहून भागलं नाही तेव्हा देवादिकांच्या फरशा बसवल्या. त्यापेक्षा हा रक्षापात्राचा नियम मला फार दयाळू वाटतो.

कातरीचं कोडं त्यानंतर थोडं सुटलं. कातरी काढून घेतात, कारण तिच्या बाबतीत आपल्यावर विश्वास नाही. बँकेतलं पेन दोऱ्याने बांधलेलं असतं, त्यातलाच प्रकार. फोन मात्र आपल्याकडे ठेवतात आणि म्हणतात, तुमचा तुम्हीच बंद करा. दोरा न बांधलेलं पेन आहे ते. व्यापाऱ्यांना वाटलं, पेन बांधलेलं नाही म्हणजे न्यायला हरकत नाही.

"माझ्या एकट्याच्या फोनानं काय होतं?" हेही त्यांनी विचारलं होतंच. यावर खुलभर दुधाची कहाणी सांगावी असं मनात आलं. सगळ्या गावाच्या दुधाने भरला नाही तो गाभारा म्हातारीच्या खुलभराने भरला; मग एकाने काय होतं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण लगेच जीभ आवरली. कारण कहाणीतली म्हातारीच तर राजाचा हुकूम मोडते! सगळं दूध आणा म्हटलेलं असताना ती आधी वासरांना पाजते, पोराबाळांना देते, आणि उरलेलं नेते. कायदा पाळणारं गाव कोरडं राहतं आणि मोडणारीला महादेव पावतो. तिने मोडला तो वासरांसाठी, कापसाच्या भावासाठी नव्हे, असा युक्तिवाद मी करू शकलो असतो. पण "आमच्या घरीबी वासरं हायेत की" हे उत्तर तयार असणार. आणि कापसाचा भाव पडला की घरच्या वासरांचं काय होतं, हे परभणी जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

चाकं टेकली मात्र, सगळं विमान उभं राहिलं. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जमात. इथे खिडकी उघडत नाही, म्हणून डोक्यावरच्या बॅगा काढून रांगेत ताटकळायचं. दारात ती हवाईसुंदरी हात जोडून एकेकाला निरोप देत होती. व्यापारी तिच्यासमोर थांबले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ताई, तुमाला चारदा हेलपाटा पडला. राग नका मानू." तिला मराठी कळत होतं की नाही कोण जाणे. ती सबंध विमानाला हसली होती तशीच हसली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, चला पुढे!"