शितावरून भाताची परीक्षा

मागच्या एकादशीला हरिपाठ आटोपला, मंडळी पांगली, आणि आमच्यातला एक तरुण विद्यार्थी मागे रेंगाळला. म्हणाला, "बुवा, गळ्यात माळ आहे आणि प्रयोगशाळेत माझ्या हातून जीव मरतात. माळ उतरवू, की काम सोडू?" पोराचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा काही बोललो नाही. बोलण्यासारखे जवळ नव्हतेच. आठ दिवस त्याच्याकडून ते काम समजून घेतले. त्यातून जे सुचले ते सज्जनांपुढे ठेवतो.

चांदीचे अतिसूक्ष्म कण आता पुष्कळ वस्तूंत घालतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण शंभर नॅनोमीटरच्याही आतले. कण जितका बारीक, तितके त्याचे अंग पाण्याला अधिक भिडते आणि चांदी पाण्यात उतरते. ती जंतूंना मारते, म्हणून जखमेच्या पट्टीत कामाची, पाणी गाळण्याच्या यंत्रात कामाची. इथवर ठीक. पण ती मोज्यांतही घालतात. कशासाठी? तर पायांना वास येऊ नये म्हणून! अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी असे मोजे धुऊन पाहिले (२००८). काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. धुण्याचे पाणी मोरीत, मोरीचे गटारात. आणि गटार पुढे कुठे जाते, हे चंद्रभागेत उतरणाऱ्याला मी काय सांगावे?

म्हणून परीक्षा. डॅफ्निया नावाचा गोड्या पाण्यातला एक इवलासा जीव आहे. त्याला जलपिसू म्हणतात, पण तो पिसू नव्हे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. शेवाळ खातो, लहान मासे त्याला खातात. अंग काचेसारखे पारदर्शक. सूक्ष्मदर्शकातून धडधडणारे काळीज दिसते. जन्मून चोवीस तास झाले नाहीत अशी त्याची पिल्ले घेतात. चांदीचे पाच निरनिराळे प्रमाण, प्रत्येकात वीस पिल्ले, आणि शेजारी नुसत्या शुद्ध पाण्यात आणखी वीस. दोन दिवस अन्न नाही. मग भांडे हळूच हलवायचे. पंधरा सेकंदांत जे पोहले नाही ते गेले, अशी नोंद. निम्मी पिल्ले निश्चल होतात ते प्रमाण हाती धरून धोका मापायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण? तीच, पण इथे शीत जिवंत आहे.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा किड्याचे काय घेऊन बसलात! युरोपातला २०१० चा कायदा असेच म्हणतो. प्रयोगातल्या माशाचा त्यात हिशेब आहे, जलपिसूचा नाही. आपल्याकडील १९६० च्या कायद्याने मात्र मनुष्याखेरीज प्रत्येक सजीवाला प्राणी म्हटले आहे. ज्ञानासाठीच्या प्रयोगांना त्यानेही मुभा दिली, हे खरे. पण जीव लहान म्हणून त्याचा हिशेबच नको, हे वारकऱ्याच्या मनाला पटणारे नव्हे.

मग परीक्षाच बंद करावी? मीही प्रथम असेच म्हणणार होतो. पण विचार करता दिसले की, परीक्षा थांबल्याने जीव वाचत नाही. ती फक्त भांड्यातून नदीत जाते. तिथे मेलेले कोणी मोजत नाही आणि शेजारी शुद्ध पाण्याचे भांडेही नसते. बरे, भांड्यातले सगळेच खरे असेही नाही. गटारातल्या गंधकाशी चांदीची गाठ पडली म्हणजे तिचे विष पुष्कळ उतरते. उलट, थोडी चांदी दीर्घकाळ राहिली तर काय होते, हे दोन दिवसांत कसे दिसणार? ते पाहण्यासाठी कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या संशोधनासाठी राखून ठेवलेल्या २२२ क्रमांकाच्या तळ्यात, २०१४ आणि २०१५ साली मुद्दाम असे कण सोडले. त्या काळात तिथल्या पर्च माशांची संख्या घटली. मोठ्या माशांच्या यकृतात चांदी साठलेली सापडली. एक अख्खे तळे डागाळले. ते वाचून मन विटते. पण न कळता हजार तळी डागाळण्यापेक्षा ते बरे, असेही वाटते. दोन्ही खरे आहे.

इंग्लंडात रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच लिहून ठेवले : जीव न घेता भागेल तिथे घेऊ नये, घ्यावा लागला तर थोडक्यात भागवावे, आणि यातना कमीत कमी द्याव्या. चांगले सांगितले. पण त्यात एक भर घालावीशी वाटते. त्या पिलांच्या मरणाचे पाप मी परीक्षा घेणाऱ्या पोराच्या माथी मारणार नाही. ज्याला बिनवासाचे मोजे हवेत त्याच्या पदरी ते अधिक पडते. पाय धुता आले असते! जखमेच्या पट्टीची गोष्ट वेगळी. आणि विष आहे असे जलपिसूने मरून सांगितले, तरी तो कागद दप्तरात पडून राहिला, तर ती सरळ हत्याच.

हे सगळे त्याला सांगितले. तो ऐकून गप्प राहिला. मग म्हणाला, "बुवा, खरे सांगू? रडू मरणाचे नव्हते आले. मागच्या महिन्यात कण एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि भांड्याच्या तळाशी बसले. पिलांना चांदी किती लागली, कोणालाच कळेना. एकशेवीस जीव, आणि वहीत लिहायला काही नाही."

हे ऐकल्यावर मला माझे उत्तर सापडले. मी म्हटले, "माळ राहू दे. पण कण पाण्यात किती वेळ तरंगतात, हे आधी पाहा. जीव मग घाल."

परवा भेटला तेव्हा त्याचा तिसरा दिवस चालू होता. भांड्यात नुसते पाणी आणि चांदी; पिलू एकही नव्हते.